घरच्या चित्रफितीस उपशीर्षकें कशीं जोडावीं

हल्लीं ज्याच्या त्याच्या हातीं मोबाइल आला असल्यामुळें घरोघर चित्रफिती तयार होत असतात. बारसें, साखरपुडा, नाताळचा सण, शाळेचें स्नेहसंमेलन, आजोबांची पंचाहत्तरी, कांहीं म्हणून सुटत नाहीं. परंतु जें टिपलें तें घरांतील सर्वांस समजतें काय, हा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाहीं. एखाद्या घरीं आजोबांस ऐकूं कमी येतें. एखाद्या घरचीं नातवंडें परदेशीं वाढल्यामुळें त्यांस मराठी कळत नाहीं. अशांपुढें चित्र हलत राहतें आणि तीं माणसें नुसतीं पाहत बसतात. त्यांच्यासाठीं चित्राच्या खालच्या बाजूस बोलण्याचा मजकूर अक्षरांनीं दाखवितात. त्या अक्षरांस उपशीर्षकें अथवा सबटायटल असें म्हणतात. हीं उपशीर्षकें हवीं असतां दिसावीं व नको असतां नाहींशीं व्हावीं, अशी सोय डीव्हीडीच्या तबकडीवर घरच्या घरीं करितां येते. ती कशी करावी व तींत कोणती काळजी घ्यावी, हें आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस सांगावें, असा या लेखाचा हेतु आहे.

प्रथम एक घडलेली गोष्ट सांगतों. आमच्या एका विद्यार्थ्यानें दिवाळीच्या सुट्टींत आपल्या आजीच्या आठवणींची चाळीस मिनिटांची चित्रफीत तयार केली. आजीबाई मूळच्या मराठवाड्यांतील. १९७२ सालच्या दुष्काळांत त्या रस्त्याच्या कामावर खडी फोडीत होत्या. हातोडी कशी धरावी, दगड कसा फिरवावा, हें त्या बोलतां बोलतां हातांनीं करून दाखवितात. मुलानें मोठ्या हौसेनें त्यांच्या बोलण्याचीं उपशीर्षकें लिहिलीं आणि तीं चित्रांत कायमचीं छापून टाकिलीं. चित्रफीत घरीं दाखविली तेव्हां तीन माणसांनीं तीन गोष्टी सांगितल्या. कानानें अधू असलेले आजोबा म्हणाले, "आज पहिल्यानें मला सगळें समजलें." वडील म्हणाले, "अरे, पण आईचे हात या अक्षरांखालीं गेले." आणि परदेशीं असलेल्या काकांनीं कळविलें, "आमच्या मुलांना मराठी वाचतां येत नाहीं; त्यांनीं काय करावें?" मुलगा हिरमुसला होऊन आमच्याकडे आला. तिघांचेंही म्हणणें खरें होतें, आणि तिघांचेंही समाधान एका रीतीनें होण्यासारखें होतें.

उपशीर्षकांचे दोन प्रकार आहेत. पहिल्या प्रकारांत अक्षरें चित्रांतच मिसळून जातात. मागाहून तीं काढतां येत नाहींत. दुसऱ्या प्रकारांत अक्षरें चित्रापासून वेगळीं ठेविलेलीं असतात व पाहतेवेळीं चित्रावर आणून ठेविलीं जातात. भूगोलाच्या तासाला आपण नकाशावर पारदर्शक कागद ठेवून त्यावर नद्या काढतों, तसेंच हें आहे. कागद ठेविला तर नद्या दिसतात. उचलला तर खालचा नकाशा जसाच्या तसा असतो. नद्यांचा एक, पिकांचा एक, असे अनेक कागद एकाच नकाशावर पाळीपाळीनें ठेवतां येतात. त्याचप्रमाणें एका चित्रफितीस अनेक भाषांचीं उपशीर्षकें जोडतां येतात.

पडद्यावर अक्षरें दाखविण्याची कल्पना नवी नव्हे. दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' हा मूकपट १९१३ सालीं मुंबईंत लोकांपुढें आला, तेव्हां मजकुराच्या पाट्या चित्रांच्या मध्यें मध्यें येत, आणि पाटी आली कीं चित्र दिसेनासें होई. पुढें बोलपट निघाल्यावर परभाषी चित्रपटांत अक्षरें चित्रावरच छापूं लागले. तीं ज्यास हवीं त्यास व ज्यास नकोत त्यासही पाहावीं लागत. १९९६ सालीं जपानांत डीव्हीडी प्रथम विक्रीस आली. तिच्या रचनेंत एका चित्राबरोबर ८ पर्यंत ध्वनिमार्ग व ३२ पर्यंत उपशीर्षकांचे मार्ग ठेवण्याची तरतूद आहे. रिमोटवरील सबटायटलची कळ दाबली कीं यंत्र त्यांपैकीं एक मार्ग दाखवितें. पुन्हा दाबली कीं दुसरा. आणि शेवटीं सर्व बंद.

या रचनेंतील एक गोष्ट मराठी वाचकाच्या विशेष फायद्याची आहे. तबकडीवर उपशीर्षकें अक्षरांच्या रूपानें नसतात, लहान लहान चित्रांच्या रूपानें असतात. एका चित्रांत चारच रंग वापरतां येतात. त्यांपैकीं एक पारदर्शक ठेवितात, म्हणजे त्यांतून मागचें दृश्य दिसतें. दुसरा अक्षरांस व तिसरा अक्षरांच्या कडेस देतात. अक्षरें अशीं चित्ररूप असल्यामुळें तबकडी चालविणाऱ्या यंत्रास देवनागरी लिपि ठाऊक असण्याची गरज नाहीं. घरीं जें तयार केलें तेंच सर्वत्र दिसेल. मात्र तयार करितांना एखादें जोडाक्षर फुटलें, किंवा ऱ्हस्व वेलांटी भलत्या अक्षरास चिकटली, तर ती चूकही सर्वत्र तशीच दिसेल, हें विसरूं नये.

आतां प्रत्यक्ष कृतीकडे वळूं.

पहिली पायरी काटछांटीची. चित्रफितींतील नको असलेला भाग आधीं काढून टाकावा आणि ती अंतिम झाल्यावरच उपशीर्षकांस हात घालावा. मागाहून आरंभींचे दहा सेकंद कापले, तर पुढचीं सर्व अक्षरें बोलण्याच्या दहा सेकंद मागून येऊं लागतात.

दुसरी पायरी ऐकून लिहिण्याची, आणि हीच सर्वांत अवघड. आमच्या विद्यार्थ्यानें एके ठिकाणीं "मिळाली ती खाल्ली" असें लिहिलें होतें. तो भाग आम्हीं पुन्हा पुन्हा ऐकला. आजीबाई म्हणत होत्या, "मिलो खाल्ली." त्या दुष्काळांत रेशनवर अमेरिकेहून आलेली तांबडी ज्वारी मिळे, तिला लोक मिलो म्हणत. मुलानें तो शब्द जन्मांत ऐकला नव्हता, म्हणून त्याच्या कानानें त्या जागीं ओळखीचा शब्द बसविला. वाक्याचा अर्थ जुळत होता, त्यामुळें चूक कोणाच्या ध्यानांत आली नाहीं. आम्हीं त्याला आजीकडे परत पाठविलें. तो एक शब्द विचारावयास गेला आणि दोन तास बसून आला. त्या ज्वारीची भाकरी थापतांना कशी फाटे, लहान मुलें ती पाहून तोंड कसें फिरवीत, कामावर मिळालेली सुकडी पदरांत बांधून घरीं कशी आणीत, हें सर्व त्यानें त्या दिवशीं प्रथम ऐकलें. चित्रफितींत यांतलें कांहींच नव्हतें. म्हणून आमचें सांगणें असें कीं, शंका आली कीं बोलणाऱ्यालाच विचारावें, आणि विचारण्याजोगें माणूस आहे तोंवर विचारावें. मागाहून चित्रफीत शंभर वेळां पाहिली तरी ती प्रश्नाला उत्तर देत नाहीं.

लिहितांना आणखी एक पथ्य आहे. आजी "व्हतं" म्हणाली असेल, तर आपण "होतं" लिहून तिची भाषा सुधारूं नये. निबंधाच्या वहींत आम्हीं शुद्धलेखनाचा आग्रह धरतों, तो तेथें योग्यच आहे. परंतु येथें शब्द तिचे आहेत. पुन्हा पुन्हा आलेले शब्द गाळावे, अर्थ मात्र गाळूं नये.

तिसरी पायरी वेळ नेमण्याची. यासाठीं सबटायटल एडिट नांवाचा प्रोग्रॅम विनामूल्य मिळतो. तयार होणाऱ्या मजकुराच्या फाइलीस एसआरटी म्हणतात. तिची रचना इतकी साधी आहे कीं, पांचवीच्या मुलासही ती समजावी. पहिल्या ओळींत अनुक्रमांक. दुसऱ्या ओळींत अक्षरें दिसूं लागण्याची व नाहींशी होण्याची वेळ, तास, मिनिट, सेकंद व सेकंदाचा हजारावा भाग अशा क्रमानें. तिसऱ्या ओळीपासून मजकूर. आणि मग एक कोरी ओळ. क्रमांक व वेळ यांचे आंकडे इंग्रजी लिपींतच घालावे लागतात. फाइल सांठवितांना यूटीएफ-८ हा प्रकार निवडावा, नाहींतर देवनागरीच्या जागीं निरर्थक चिन्हें उमटतात.

वेळ नेमतांना वाचणाऱ्याचा विचार करावा. एका वेळीं दोनच ओळी असाव्या, व एका ओळींत सुमारें चाळीस अक्षरांहून अधिक नसावीं. कोणतेंही वाक्य एका सेकंदाहून कमी वेळ ठेवूं नये; दोन भरगच्च ओळींस सुमारें सहा सेकंद द्यावे. आजोबांच्या डोळ्यांस याहूनही अधिक वेळ लागतो. ओळ तोडतांना अर्थ तुटूं देऊं नये: "रस्त्याच्या" एका ओळींत आणि "कामावर" दुसऱ्या ओळींत असें करूं नये.

चौथी पायरी भाषांतराची. इंग्रजी उपशीर्षकांसाठीं मराठी फाइलीची एक प्रत करून, वेळा तशाच ठेवून, केवळ मजकूर बदलावा. भाषांतर पांडित्याचें नसावें. पंडिता रमाबाई यांनीं मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून बायबलाचें मराठी भाषांतर केलें, तें साध्या बायकांस समजावें म्हणून सोप्या शब्दांत केलें. भाषांतर करणाऱ्यानें कोणाकडे पाहून लिहावें, याचा तो धडा आहे. आमच्या विद्यार्थ्यानें "सुकडी" हा शब्द इंग्रजींतही तसाच ठेविला व पुढें दोन शब्दांत तें खाद्य आहे असें सांगितलें. चुलत भावंडांस अर्थ कळला, आणि आजीचा शब्दही त्यांच्या कानीं पडला.

पांचवी पायरी तबकडीची. डीव्हीडी स्टायलर हाही विनामूल्य प्रोग्रॅम आहे. त्यांत चित्रफीत घालून तिला मराठी व इंग्रजी अशा दोन्ही फाइली जोडाव्या, व प्रत्येकीस तिची भाषा नेमून द्यावी. भारतांत पाल ही पद्धत निवडावी. तींत सेकंदास २५ चित्रें असतात. अमेरिकेंत पाठवावयाची तबकडी एन्टीएससी पद्धतीनें निराळी करावी, कारण तेथील पुष्कळ यंत्रें पाल तबकडी चालवीत नाहींत. अक्षरें पडद्याच्या अगदीं कडेला नसावीं. सुमारें दहावा हिस्सा मोकळा सोडावा. सर्व काम करण्यापूर्वीं "विद्यार्थ्यांच्या", "कीर्ति", "श्रद्धा" अशा पांचसहा शब्दांची एक लहान तबकडी करून जोडाक्षरें नीट येतात कीं नाहीं तें पाहावें. येत नसल्यास दुसरा फाँट निवडावा; तेवढ्यानें न भागल्यास सबटायटल एडिटमध्येंच उपशीर्षकांचीं चित्रें तयार करवून तीं वापरावीं.

येथें कोणी विचारील, आजकाल डीव्हीडीचीं यंत्रें कमी होत चाललीं असतां हा खटाटोप कशाला? त्यास उत्तर असें कीं, पुष्कळ वडील मंडळींस तबकडी घालून एक कळ दाबणें हेंच सोपें वाटतें. शिवाय या श्रमाचें खरें फळ ती लहानशी मजकुराची फाइल आहे. चित्रफितीच्या शेजारीं त्याच नांवानें ती ठेविली, तर संगणकावरील व्हीएलसीसारखे प्रोग्रॅम तीच उपशीर्षकें दाखवितात. तबकडी उन्हानें व काळानें खराब होऊं शकते. म्हणून मूळ चित्रफीत व दोन्ही फाइली दोन निराळ्या ठिकाणीं जपून ठेवाव्या. आणि घराबाहेर कोणास तबकडी देण्यापूर्वीं जिचें बोलणें आहे तिची परवानगी घ्यावी.

नाताळच्या सुमारास त्या घरीं नवी तबकडी लागली, त्या वेळीं आम्हांसही बोलावणें होतें. पहिल्यानें ती अक्षरांवांचून चालविली. आजीबाईंचे हात, हातोडीचा आंव, दगड फिरविणारीं बोटें, सर्व मोकळें दिसलें. वडील कांहीं बोलले नाहींत, फक्त पाहत राहिले. मग ती पुन्हा आरंभापासून लाविली. खोलींत दूरदर्शनसंच एकच असतो. अक्षरें दिसलीं तर सर्वांस दिसतात, बंद केलीं तर सर्वांचीं बंद होतात. वडिलांनीं उठून रिमोट आजोबांच्या हातीं दिला. आजोबांनीं कळ दाबली. "मिलो" हा शब्द आला तेव्हां ते आजीबाईंकडे वळून म्हणाले, "ही तर माझ्याही घशाखालीं उतरत नसे."

पन्नासाव्या दिवसाच्या सणास यरुशलेमांत जमलेल्या नाना देशींच्या लोकांस आपापल्या भाषेंत बोल ऐकूं आले, ही कथा मंडळींत दरवर्षीं वाचली जाते. त्या लोकांस आधीं एक भाषा शिकून या, असें कोणी सांगितलें नाहीं. बोलच त्यांच्यापर्यंत गेला. आमच्या विद्यार्थ्यांच्या हातीं आज अशी साधनें आहेत कीं, घरांतल्या बहिऱ्यापर्यंत व दूरच्या परभाषी नातवापर्यंत आजीचा बोल त्यांनीं पोंचवावा. येत्या सुट्टींत ज्यांस हें काम करावयाचें असेल, त्यांनीं चित्रफीत व कागद-पेन्सिल घेऊन आमच्याकडे यावें. मात्र येण्यापूर्वीं आजीजवळ एकदां बसून यावें.