टिग वेल्डिंग : घरच्या कर्मशाळेतील पहिले धडे

बीड जिल्ह्यातील गेवराई तालुक्यात उमापूर हे गाव आहे. गोदाकाठच्या या तालुक्यात कापूस, ऊस व दुभती जनावरे यांवर बहुतेक कुटुंबांचा संसार चालतो. अशा गावी वखराची पास तुटली अथवा गाडीचा साटा निखळला, तर साध्या सळईच्या वेल्डिंगने तो सांधता येतो व ते काम करणारे कारागीर बहुधा जवळपास भेटतात. परंतु दुधाच्या स्टेनलेस पोलादी कॅनला तडा गेला, फवारणीयंत्राची पातळ नळी फुटली किंवा इंजिनाचे अ‍ॅल्युमिनियमचे झाकण दुभंगले, तर ती वस्तू शहरात न्यावी लागते किंवा भंगारात टाकावी लागते. ऐन हंगामात गेलेले दोन दिवस व नासलेले दूध यांची भरपाई कोणी करीत नाही. ही उणीव भरून काढणारी पद्धत म्हणजे टिग वेल्डिंग. कारागिरांत ती ‘आरगॉन वेल्डिंग’ या नावाने ओळखली जाते. घरच्या कर्मशाळेत ती शिकता येते. मात्र तिचा क्रम मोडून चालत नाही.

ही पद्धत कोणती

साध्या वेल्डिंगमध्ये सळई स्वतःच वितळून सांध्यात उतरते व तिच्यावरील लेपाचा धूर वितळलेल्या धातूचे हवेपासून रक्षण करतो. टिगमध्ये टंगस्टन धातूची टोकदार कांडी असते. टंगस्टन सुमारे 3,400 अंश सेल्सिअसला वितळतो. म्हणून कांडी ठिणगी देते, पण स्वतः सांध्यात जात नाही. कांडीभोवतालच्या चिनी मातीच्या तोंडातून आरगॉन वायू वाहतो व हवा दूर ठेवतो. भर घालावयाची तार दुसऱ्या हाताने दिली जाते. आरगॉनचा शोध 1894 मध्ये रॅले व रॅम्झे या शास्त्रज्ञांनी लावला. ही वेल्डिंगची रीत दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतील विमान कारखान्यात मॅग्नेशियम जोडण्यासाठी पुढे आली. त्या वेळी हेलियम वायू वापरीत.

या पद्धतीत सांधा स्वच्छ व बारीक होतो, राख निघत नाही, ठिणग्या फारशा उडत नाहीत. परंतु काम हळू होते व खर्च अधिक येतो. म्हणून नांगराचा फाळ, वखर, गाडीचा आस यांसारख्या जाड कामास सळईचे वेल्डिंगच योग्य होय. टिग हे पातळ पत्रा, स्टेनलेस पोलाद व अ‍ॅल्युमिनियम यांसाठी राखून ठेवावे.

साहित्य घेताना

यंत्र घेण्यापूर्वी कोणत्या धातूचे काम करावयाचे ते ठरवावे. केवळ एकदिश प्रवाह देणाऱ्या यंत्रावर लोखंड व स्टेनलेस पोलाद जोडता येते. अ‍ॅल्युमिनियमला उलटसुलट प्रवाह देणारे, म्हणजे ए.सी. व डी.सी. दोन्हींचे यंत्र लागते. कारण अ‍ॅल्युमिनियम 660 अंशांस वितळते, पण त्याच्यावरील ऑक्साइडचा पापुद्रा 2,000 अंशांहून अधिक उष्णतेस वितळतो. उलटसुलट प्रवाह तो पापुद्रा फोडतो. नवशिक्याने आरंभ लोखंडी पत्र्यावर करावा, हेच हितावह.

टंगस्टनची कांडी 1.6 किंवा 2.4 मिलिमीटर जाडीची घ्यावी. लाल टोकाच्या कांडीत थोरियम हा किरणोत्सर्गी पदार्थ असतो व घासताना त्याची धूळ श्वासात जाते. म्हणून सोनेरी अथवा निळ्या टोकाची लँथनमयुक्त कांडी घ्यावी.

वायूचा हिशेब आधी करावा. 10 लिटर पाणी मावेल एवढ्या नळकांड्यात 150 बार दाबाने सुमारे 1,500 लिटर आरगॉन मावतो. दर मिनिटास 8 लिटर वायू वाहिला, तर ठिणगी चालू असण्याचे सुमारे तीन तास त्यात निघतात. शुद्ध आरगॉनच मागावा. दुसऱ्या प्रकारच्या वेल्डिंगसाठी मिळणारे कार्बन डाय-ऑक्साइड मिसळलेले मिश्रण येथे चालत नाही. नळकांडे उभे ठेवून साखळीने भिंतीस बांधावे.

विजेकडे दुर्लक्ष करू नये. यंत्राच्या पाटीवर लिहिलेला भार घरातील साध्या प्लगला बहुधा पेलत नाही. जाणत्या वायरमनकडून स्वतंत्र तार, योग्य खटका व पक्के अर्थिंग करून घ्यावे.

हात बसविण्याचा क्रम

*पहिला पाठ : स्वच्छता.* दोन मिलिमीटर जाडीच्या लोखंडी पत्र्याचे तुकडे घ्यावेत. गंज, रंग व तेल काढून धातू चकचकीत करावा. टिगमध्ये राख नसल्याने मळ बाहेर पडण्यास वाट मिळत नाही. तो सांध्यातच छिद्रे पाडतो. स्टेनलेस पोलादासाठी तारेचा ब्रश वेगळा ठेवावा.

*दुसरा पाठ : कांडीला टोक.* कांडी ग्राइंडरवर लांबीच्या दिशेने घासावी. आडव्या रेषा पडल्या तर ठिणगी भरकटते. टोकाची लांबी कांडीच्या जाडीच्या दोन-अडीच पट असावी.

*तिसरा पाठ : तारेविना रेघ.* लोखंडास टॉर्च यंत्राच्या ऋण टोकास जोडावा. प्रवाह 60 ते 80 अँपिअर ठेवावा. कांडीचे टोक पत्र्यापासून दोन-तीन मिलिमीटर अंतरावर धरावे व टॉर्च उभ्या रेषेपासून 15 ते 20 अंश मागे कलता ठेवावा. चमकणारे वाटोळे डबके तयार होईपर्यंत थांबावे, मग त्याला सारख्या गतीने पुढे न्यावे. नजर ठिणगीवर नव्हे, डबक्यावर हवी. सारख्या रुंदीच्या पाच रेघा लागोपाठ आल्याखेरीज पुढे जाऊ नये.

*चौथा पाठ : तार देणे.* तार पत्र्याशी जवळजवळ आडवी धरावी. डबके झाले की पुढच्या कडेस तार टेकवावी, थेंब उतरताच मागे घ्यावी, दोन-तीन मिलिमीटर सरकावे व पुन्हा टेकवावी. तार डबक्याने वितळवावयाची असते, ठिणगीने नव्हे. मागे घेतलेले टोक वायूच्या छायेतच राहावे.

*पाचवा पाठ : सांधे.* प्रथम बाहेरचा कोपरा, मग एकावर एक पत्रा, नंतर टी आकाराचा सांधा व शेवटी कडेला कड. शेवटी प्रवाह हळूहळू कमी करावा व वायू बंद होईपर्यंत टॉर्च जागेवरून हलवू नये. प्रत्येक टी सांधा शिकंज्यात धरून हातोडीने मोडून पाहावा. वरून सुबक दिसणारा सांधा मुळाशी कोरडा राहिलेला असू शकतो. हे मोडल्यावरच कळते.

दोष व कारणे

कांडी डबक्यात बुडाली तर ठिणगी हिरवट होऊन फाकते. तेथेच थांबून टोक पुन्हा घासावे. सांधा काळा व सच्छिद्र झाला तर वायू कमी पडला, वाऱ्याने उडाला किंवा पत्रा मळका होता असे समजावे. गोदाकाठच्या उन्हाळी वाऱ्यात उघड्या अंगणात हे काम साधत नाही. तट्ट्याचा आडोसा पुरत नसेल तर आत यावे, मात्र खिडकी उघडी ठेवावी.

स्टेनलेस पोलादाचा एक दोष विशेष ध्यानात ठेवावा. सांध्याच्या पाठीमागे हवा लागली, तर तेथे साखरेसारखी कणीदार काळी खपली धरते. दुधाच्या भांड्यात अशा खपलीत दूध अडकते, धुतल्याने निघत नाही व जंतू वाढून पुढचे दूध नासते. बाहेरून गळती थांबली म्हणून काम झाले असे मानू नये. भांड्याच्या आतूनही आरगॉन सोडून सांधा करावा, मग आतला भाग घासून गुळगुळीत करावा. हे साधेपर्यंत गिऱ्हाइकाचा कॅन हाती घेऊ नये.

जिवाची काळजी

टिगची ठिणगी धुराविना असल्यामुळे निरुपद्रवी भासते, पण तिचे किरण अधिक उघडे असतात. 9 ते 11 क्रमांकाच्या काचेचा मुखवटा, चामडी हातमोजे व पूर्ण बाह्यांचा सुती सदरा आवश्यक होय. उघड्या डोळ्यांनी पाहिल्यास काही तासांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग होते. पाहण्यास जमलेल्या मुलांनाही हाच धोका असतो.

आरगॉन हवेपेक्षा जड असून त्याला वास नसतो. विहिरीत, हौदात किंवा बंद टाकीत तो साचला तर माणूस कळण्याआधीच गुदमरून पडतो. तेथे टिग वेल्डिंग करू नये. डिझेलच्या टाक्या व औषधांची पिंपे वेल्डिंगसाठी घेऊच नयेत. जस्ताचा मुलामा असलेल्या नळाचा मुलामा सांध्याजवळ काढावा. त्याच्या धुराने ताप येतो. स्टेनलेस पोलादाचा धूरही घातक असतो, म्हणून तोंड धुरापासून दूर ठेवावे. पऱ्हाट्या व कडबा यांपासून ग्राइंडरच्या ठिणग्या दूर ठेवाव्यात.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

गावातील ज्या तरुणाचा हात सळईच्या वेल्डिंगवर बसला आहे, त्याला प्रथम हे सुचवावे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील वेल्डरचा अभ्यासक्रम एक वर्षाचा असून त्यात ही पद्धत शिकविली जाते. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये विज्ञान आश्रम स्थापन केला. तेथे विद्यार्थी गावाला उपयोगी कामे करीत करीत वेल्डिंगसारखी कौशल्ये शिकतात. प्रत्यक्ष कामातून शिकण्याची ही रीत घरच्या कर्मशाळेसही लागू पडते.

यंत्र कर्जाने घेण्यापूर्वी आसपासच्या गावांत स्टेनलेस व अ‍ॅल्युमिनियमची किती कामे निघतात याची नोंद एक हंगामभर वहीत ठेवावयास सांगावे. कामे थोडी निघाली तर सळईचे यंत्रच पुरेसे आहे. पुरेशी निघाली तर शिकलेला हात, स्वच्छ पत्रा व मोडून पाहिलेला सांधा या तीन गोष्टींच्या बळावर गावातच दुरुस्ती होईल आणि शेतकऱ्याचा शहराचा हेलपाटा वाचेल.