डाळिंबाच्या गावात लाल बाटली

मामांची बरीचशी नोकरी गोव्यातल्या हॉटेलांत बार काउंटरमागे गेली. आता सांगोल्याकडे डाळिंबाची बाग सांभाळतात, आणि उन्हाळ्यात चार दिवस बहिणीकडे सोलापुरात येतात. भाची सई बँकेत आहे. येत्या रविवारी संध्याकाळी तिनं ऑफिसातल्या मंडळींना गच्चीवर बोलावलंय. त्यातले काही घेणारे, काही न घेणारे. त्यासाठी मॉलमधून तिनं एक लालभडक बाटली आणली. मामांनी चष्मा कपाळावर सरकवून तिच्यावरची बारीक अक्षरं वाचली, आणि बोलणं सुरू झालं.

मामा : साखर, पाणी, सायट्रिक आम्ल, रंग, वास. डाळिंब कुठाय यात?

सई : डाळिंब कशाला असेल? हे ग्रेनाडीन आहे मामा. टकीला सनराइजच्या ग्लासात तळाशी लाल थर बसतो ना, तो याचा.

मामा : तो थर मुळात डाळिंबाच्या रसाच्या पाकाचा. पुढं कारखान्यांना रंगीत पाक स्वस्त पडायला लागला आणि फळ गेलं, नाव तेवढं राहिलं. न्यूयॉर्कातल्या माणसानं ही बाटली घेतली तर समजू शकतो. तू राहतेस सोलापुरात. इथल्या डाळिंबाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, केगावला २००५ पासून राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, आणि तू पैसे देऊन साखरेचं लाल पाणी आणलंस.

सई : पण आत्ता एप्रिलात डाळिंब कुठलं?

मामा : हस्त बहाराचं. सप्टेंबर-ऑक्टोबरात फुलं येतात, फळ फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये उतरतं. हा बहार धरणारे कमी, कारण त्याआधी बागेचं पाणी तोडून झाडाला ताण द्यावा लागतो आणि नेमका तेव्हा पाऊस असतो. ताण बसला तर बसला. म्हणून माल थोडा, पण असतो. शेवटाला आलाय, मिळेल.

सई : मग सांगा, पाक कसा करायचा?

मामा : भगवा घे. रंग गडद, दाणे मऊ. सोलताना पिवळा पापुद्रा एकही राहू देऊ नकोस, तुरटपणा त्यात असतो. मिक्सर लावलाच तर एक-दोन झटके, बस. बिया भरडल्या की रस कडवट होतो. फडक्यातून पिळून घे. पाव लिटर रसाला पाव किलो साखर. आणि उकळायचं नाही! नुसतं कोमट करायचं, साखर विरघळली की खाली. उकळलं की ताज्या फळाचा वास जातो, मुरंब्याचा येतो. भगवा गोड असतो, आंबटपणा कमी, तेव्हा शेवटी अर्धं लिंबू पिळ. फ्रीजमध्ये दोन आठवडे राहतो.

सई : आणि तो थर?

मामा : पाक जड असतो, आपोआप तळाशी जातो. ग्लास भरून झाला की कडेनं सावकाश सोडायचा आणि ढवळायचं नाही. फोटो काढून झाला की मात्र ढवळ, नाहीतर वरचं आंबट आणि खालचं गोड वेगवेगळं पिशील.

सई : कॉकटेलचं प्रमाण काय धरायचं? इंटरनेटवर प्रत्येकाचं वेगळं.

मामा : आंबट, गोड आणि कडक, एवढ्या तिघांचा हिशेब आहे. ६० मिली दारू, २० मिली लिंबाचा रस, २० मिली पाक. इथून सुरुवात कर आणि चाखत जा. फळ दर आठवड्याला बदलतं, पुस्तकातलं प्रमाण बदलत नाही. एक मात्र ध्यानात ठेव : बर्फ घालायच्या आधी चाखलंस तर किंचित जास्त गोड लागलं पाहिजे. गार झालं की जिभेला गोडी कमी कळते.

सई : लिंबं तर केवढी महाग झालीत! आई रोज भाजीवाल्याशी भांडते.

मामा : अक्काचं चुकत नाही, पण भाजीवाल्याचंही चुकत नाही. लिंबाचं मुख्य पीक पावसाळ्यातलं. उन्हाळ्यात फळ कमी आणि मागणी जास्त. म्हणून रविवारी निम्मा आंबटपणा कैरीवर ढकल. कैरी उकडून गर चाळून घे, पन्ह्याला घेतेस तसाच, पण गूळ-वेलची न घालता. त्या गरानं पेयाला दाटपणाही येतो, लिंबानं तो येत नाही. लिंबं थोडीच वापरायची, पण पाहुणे आल्यावर पिळायची. सकाळी काढून ठेवलेला रस संध्याकाळपर्यंत उतरतो. आणि पिळताना जीव काढू नकोस, सालीतलं कडू उतरतं.

सई : शेकर नाहीये घरात.

मामा : फिरकीचा तांब्या आहे की! मीच पाहिलाय माळ्यावर. एका थेंबाची गळती नाही. स्टीलचा असेल तर घे. पितळेचा नको, आंबट त्याला चालत नाही. निम्मा रिकामा ठेवायचा म्हणजे आत हलायला जागा राहते. बर्फ घालून बाहेरून हात गारठेपर्यंत हलवायचा. सोडा मात्र चुकूनही आत घालू नकोस, झाकण छताला लागेल. सोडा शेवटी, ग्लासात.

सई : बर्फ कमीच घालते. या उन्हात लगेच पाणी होतं त्याचं.

मामा : उलटं आहे ते. कमी बर्फ गरम पेयात पडला की तो सगळा विरघळतो, तरी पेय गार होत नाही. ग्लास काठोकाठ भरला तर पेय पटकन गार होतं आणि मग बर्फ टिकून राहतो. सोलापूरचा पारा बेचाळिसावर आहे, तेव्हा फ्रीजरच्या त्या खिसमिशीएवढ्या तुकड्यांवर भागणार नाही. स्टीलच्या डब्यात मोठा बर्फ लाव. फोडायला सोलापुरी टॉवेल घे, त्यात गुंडाळून वरवंट्यानं ठोक. जाड टॉवेल वरचं पाणीही टिपून घेतो, त्यामुळे बर्फ कोरडा येतो.

सई : बरं, द्राक्षं वापरता येतील?

मामा : संपत आली असतील. मिळाली तर सोनाका आण. ही जात आपल्याच नान्नजच्या काळे नावाच्या शेतकऱ्यांनी शोधली, जगाला नान्नज माहीत आहे ते माळढोक पक्ष्यामुळे. द्राक्षं धुऊन गोठव आणि बर्फाच्या जागी टाक, पाणी होत नाही. कलिंगड मात्र बेताचं ठेव. त्यात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी. नुसता रस फिका लागतो, त्याला लिंबू, मीठ आणि चिमूटभर जिरेपूड पाहिजेच. पुदिना वाटायचा नाही, तळहातावर ठेवून एक टाळी मारायची.

सई : गोव्यात उन्हाळ्यात काय प्यायचे लोक?

मामा : उर्राक. (मामांचा चेहरा उजळतो.) काजूची बोंडं मार्च ते मेमध्ये झाडावरून गळून पडतात. ती गोळा करून तुडवायची, रस आंबवायचा आणि गाळायचा. पहिल्या गाळणीचा तो उर्राक, पुन्हा गाळली की फेणी. फेणीला २००९ मध्ये मानांकन मिळालं, ती बाटलीत वर्षानुवर्षं बसते. उर्राक हलका, मोसम संपला की तोही संपला. त्यात लिंबू, सोडा, मीठ आणि मधोमध चिरलेली हिरवी मिरची. मोठमोठ्या हॉटेलांतली पानभर लांब नावं मी बनवलीत, पण मोसमी कॉकटेल म्हणावं ते हे एकच.

सई : मग या वेळी आणायचा ना!

मामा : परवान्याशिवाय हद्द ओलांडून? नको. आणि तुझं वय काय?

सई : चोवीस.

मामा : महाराष्ट्रात बिअर-वाइनला २१ आणि बाकी दारूला २५ वर्षं लागतात, शिवाय पिण्याचा परवाना लागतो. तेव्हा तुझ्या ग्लासात कडक काही पडणार नाही.

सई : म्हणजे मला सरबत!

मामा : तसंच ओतलंस तर सरबतच. दारू काढली की चटका जातो, वास उचलून धरणारं काही उरत नाही. ती जागा भरावी लागते. कडक कोरा चहा गार करून ठेव, त्याचा तुरटपणा दारूच्या जागी उभा राहतो. वर आल्याचा रस चमचाभर. चहा ६० मिली, कैरीचा गर आणि लिंबू मिळून २०, डाळिंबाचा पाक २०, कडेला मिरची-मीठ, वर सोडा. घेणाऱ्यांच्या ग्लासाशेजारी ठेव, लाज वाटणार नाही.

सई : आणि घेणाऱ्यांना?

मामा : मोजून. बाटली त्यांच्या हातात द्यायची नाही. उन्हानं अंगातलं पाणी आधीच गेलेलं असतं आणि दारू आणखी काढते. प्रत्येक ग्लासामागे एक ग्लास साधं पाणी, सोबत खारे शेंगदाणे. गाडी घेऊन आलेल्याला तुझ्यातलंच दे.

सई : डाळिंबं किती आणू? बाजारात चकचकीत बघून घेते.

मामा : पाव लिटर रसाला पाऊण किलो धर. पण चकचकीत घेऊ नकोस, ती देखाव्याची. उन्हाळ्यात आम्ही झाडांवर जुन्या साड्या टाकतो, तरी काही फळांची एक बाजू उन्हानं तपकिरी पडते. व्यापारी ती बाजूला काढतात आणि स्वस्तात जातात. डाग सालीपुरता असला आणि फळ दाबून कडक लागलं, तर आतले दाणे चांगलेच असतात. रसाला तीच घे.