किल्ला राहू द्या, आधी झाड ठरवा

पुण्याहून जुन्नरकडे निघालेल्या भटक्याच्या खिशात बहुतेक वेळा किल्ल्यांची यादी असते. शिवनेरी, चावंड, हडसर, निमगिरी, जीवधन. चार-दोन शनिवार-रविवारांत यादी संपते आणि ‘जुन्नर झालं’ म्हणून तो मोकळा होतो. ज्याच्या सावलीत बसून त्याने डबा खाल्ला ते झाड हिरड्याचं होतं की जांभळाचं, हे मात्र त्याला विचारू नये. जुन्नर आणि आंबेगावात झाड ठरवून वाट निवडली, तर तोच मुलूख दर ऋतूत नवा दिसतो. शिवाय गावकऱ्याशी बोलायला विषय मिळतो. किल्ल्याची वाट विचारली की हात वर करून दिशा दाखवली जाते. ‘मामा, एवढं मोठं झाड कुणी तोडलं कसं नाही?’ असं विचारलं की मामा बसायलाच सांगतात.

सुरुवात हिरड्यापासून करावी. डिंभे आणि माणिकडोह धरणांच्या मागच्या डोंगरपट्ट्यात महादेव कोळी घरांमध्ये लाडकं झाड कोणतं, याला फारसे पर्याय नाहीत. हिरडा दिसायला देखणा नाही, फूलही डोळ्यात भरत नाही. पण भाताचं एक पीक हाती आल्यावर पुढे रोख पैसा देतो तो हाच. त्याची कोवळी फळं गोळा करून अंगणात नाहीतर कातळावर वाळत घालतात. ती आक्रसून काळी कुळकुळीत झाली की बाळहिरडा तयार. औषधाला, रंगाला, कातडी कमवायला त्याचा उपयोग होतो, आणि बेहडा व आवळ्याबरोबर तो त्रिफळा चूर्णात असतोच. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा शहरात पडलेल्या झाडांच्या बातम्या झाल्या. इथे घरांचं वर्षाचं उत्पन्न पाण्यात गेलं आणि हिरड्याच्या भरपाईसाठी पुढे दीर्घकाळ लढावं लागलं.

म्हणून उन्हाळ्यात या भागात फिरताना कातळावर काळा थर पसरलेला दिसला तर वळसा घालून जावं. तिथे गाडी लावू नये, सॅक टेकवू नये आणि ‘दोनच घेतो’ म्हणत खिसाही भरू नये. पिकून गळालेला एखादा हिरडा वाटेत मिळाला तर हातात घेऊन बघावा: पिवळट तपकिरी, लांबट गोल, अंगावर पाच पुसट धारा. चावून बघणाऱ्याने पाण्याची बाटली जवळ ठेवावी. तुरटपणा जिभेवरून लवकर हटत नाही.

हिरडा पोटासाठी राखला, तर देवराई देवाच्या धाकाने. आहुप्याची देवराई बघायला मंचरहून घोडेगाव, तिथून डिंभे आणि मग जलाशयाच्या कडेकडेने घाटमाथ्यापर्यंत जावं लागतं. रस्ता लांबचा, वळणांचा आणि पावसाळ्यात बेभरवशाचा आहे. एका दिवसात उरकण्यापेक्षा गावात मुक्काम केलेला बरा. राईत शिरलं की पहिली ओळख होते ती गारंबीशी. ही वेल आहे, पण माणसाच्या मांडीएवढी जाड होऊन झाडांवरून झाडांवर जाते. तिच्या शेंगा मीटरभर लांब असतात आणि चपट्या, तपकिरी, गुळगुळीत बिया मुठीत जेमतेम मावतात. अशा बिया ओढ्यांतून नदीला आणि नदीतून समुद्राला लागतात. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास मांडला, तेव्हा अशा राया केवळ श्रद्धेच्या जागा नाहीत, मूळ जंगलाचे शिल्लक तुकडे आहेत, हे अभ्यासकांच्या लक्षात आलं. गावकऱ्यांना ते वेगळं सांगायची गरज नव्हती. देवाचं लाकूड घरात नेत नाहीत, एवढा एकच नियम पुरला होता.

पाळणूक सोपी आहे. देवळाजवळ चप्पल काढावी, मोठ्याने गाणी लावू नयेत, बिया पिशवीत भरू नयेत. वर आग्या मोहोळ असू शकतं, तेव्हा अत्तर, डिओ आणि धूर तिन्ही वर्ज्य. अशीच दाट राई जुन्नर तालुक्यात हातवीजच्या पुढे दुर्गवाडीला, दुर्गादेवीच्या देवळाभोवती आहे. दुर्ग–ढाकोबा हा ट्रेक करणारे तिथे पाणी भरून पुढे पळतात. त्यांनी तासभर जास्त काढायला हरकत नाही.

फुलांसाठी फेब्रुवारी ते एप्रिल. १९ फेब्रुवारीला शिवनेरीवर शिवजयंतीची गर्दी उसळते, नेमका त्याच सुमारास भोवतालच्या माळांवर पळस आणि काटेसावर फुलायला लागतात. पाठोपाठ पांगारा. या तिघांवर पक्षी तुटून पडतात. सकाळी लवकर अशा एखाद्या झाडासमोर अर्धा तास बसलं की मैना, बुलबुल, शिंजीर आणि कोतवाल यांची रस पिण्यावरून चाललेली भांडणं फुकटात बघायला मिळतात. घाटमाथ्यावर नाणेघाट, जीवधन, भीमाशंकर या भागात याच दिवसांत अंजनी शोधावी. तिची निळी-जांभळी बारीक फुलं फांदीच्या सालीलाच चिकटून येतात. लांबून नुसतं गर्द हिरवं झुडूप दिसतं, जवळ गेल्यावर फांद्यांना निळे मणी लगडलेले दिसतात. नाणेघाटातला जकातीचा दगडी रांजण आणि सातवाहन राणी नागनिकेचा लेख बघून परत फिरणाऱ्यांना ती दिसत नाही, कारण ते सगळे खाली कोकणाकडे बघत असतात.

आंब्याचा विषय वेगळा. हापूसची चर्चा बाजारात होते. बांधावरचा रायवळ आंबा घराघरांत लळ्याने जपला जातो. कोयीतून उगवलेलं प्रत्येक झाड वेगळ्या चवीचं, म्हणून त्याला वेगळं नाव: शेंदऱ्या, खोबऱ्या, साखऱ्या, गोटी. मे महिन्यात कुणी ‘चोखून बघा’ म्हणून दिला तर नाव विचारायला विसरू नये. डिंभे धरणात, म्हणजे हुतात्मा बाबू गेनू जलाशयात, जुनं आंबेगाव गेलं. तालुक्याला ज्याचं नाव, तेच गाव पाण्याखाली आहे. त्याबरोबर बांधावरची झाडंही गेली, आणि कोयीच्या आंब्याचं वाण एकदा गेलं की ते नर्सरीत मिळत नाही.

सपाटीवरच्या माणसाचा जीव वडावर. पुणे–नाशिक रस्त्याच्या दुतर्फा वडांच्या सावल्या होत्या. रुंदीकरणात त्या गेल्या आणि नारायणगावपर्यंतचा प्रवास लवकर होऊ लागला, हेही खरं. याच नारायणगावजवळ हिवऱ्याला एकोणिसाव्या शतकात सरकारी वनस्पती उद्यान होतं. त्याचा कारभार बघणारा डॉ. अलेक्झांडर गिब्सन १८४७ मध्ये मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक झाला. डोंगर उघडे पडले की झरे आटतात, हे तो तेव्हाच वरिष्ठांना लिहून कळवत होता. सहलेखक डॅल्झेलबरोबरचा त्याचा ‘बॉम्बे फ्लोरा’ हा वनस्पतींवरचा ग्रंथ १८६१ मध्ये छापला गेला. जुन्नरच्या पर्यटनात किल्ले, लेणी, द्राक्षं सगळं सांगितलं जातं. हा माणूस कुठेच येत नाही, याचं नवल वाटतं.

भीमाशंकरला श्रावण आणि महाशिवरात्र टाळून जावं. १९८५ मध्ये अभयारण्य झालेल्या या सुमारे १३१ चौरस किलोमीटर जंगलात शेकरू बघायचा असेल तर आधी झाडं बघावीत. तो जमिनीवर क्वचितच उतरतो. एका शेंड्यावरून दुसऱ्या शेंड्यावर उडी मारतो, त्यामुळे जिथे फांद्या एकमेकींत गुंतल्या आहेत तिथेच त्याचा मुक्काम. गुप्त भीमाशंकरकडे जाणाऱ्या पायवाटेवर मान वर करून काटक्या-पानांची मोठी गोल घरटी शोधावीत. खाली फळांच्या ताज्या चिंध्या पडत असतील तर थांबावं. पावसाळ्यात इथे कुजलेल्या लाकडावरची बुरशी रात्री हिरवट चमकते, पण तिच्या नादाने अंधारात जंगलात घुसण्याचे व्हिडिओ बघून कुणी तसं करू नये. वनखात्याची परवानगी आणि स्थानिक वाटाड्या, दोन्ही असतील तरच जावं.

झाड ओळखण्यासाठी श्री. द. महाजन यांचं ‘आपले वृक्ष’ किंवा श्रीकांत इंगळहळीकर यांचं ‘फ्लॉवर्स ऑफ सह्याद्री’ घरी वाचून निघावं, कारण घाटमाथ्यावर मोबाइलची रेंज जागोजागी दगा देते. फोटो काढताना अख्ख्या झाडाचा एक पुरे. पानाच्या दोन्ही बाजू, पानं फांदीला कशी लागली आहेत ती जागा, खोडाची साल आणि खाली पडलेलं फळ यांचे फोटो जास्त उपयोगी पडतात. शेजारी काडेपेटी किंवा नाणं ठेवलं की मापही कळतं. आणि गावातलं नाव त्याच जागी वहीत लिहून घ्यावं, कारण घोडेगावला जे नाव चालतं ते जुन्नरच्या पलीकडच्या खोऱ्यात चालेलच असं नाही.