मोठ्या पातेल्यातील अन्न आणि वेळेचा हिशेब

शाळेची वर्गखोली, वाचनालयाची इमारत अथवा व्यायामशाळेचे साहित्य यांसाठी गावोगाव निधी उभारण्यात येतो, तेव्हा स्नेहसंमेलनातील अथवा जत्रेतील खाद्यपदार्थांचा स्टॉल हा त्याचा एक हमखास मार्ग ठरतो. माता-पालक आणि विद्यार्थी उत्साहाने राबतात, गावकरीही चार पैसे अधिक देऊन वडा-मसालेभात घेतात. घरी दहा माणसांचे उत्तम रांधणारी सुगरण दोनशे माणसांच्या स्वयंपाकाला उभी राहिली की मीठ-तिखटाचा अंदाज सहसा चुकत नाही. चुकतो तो वेळेचा.

या चुकीची किंमत केव्हा केव्हा फार मोठी असते. फेब्रुवारी २०२४ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील लोणार तालुक्यात सोमठाणा येथे हरिनाम सप्ताहातील भगर-आमटीच्या प्रसादानंतर शेकडो लोकांना विषबाधा झाली. खाटा अपुऱ्या पडल्याने रुग्णालयाबाहेर दोरीला सलाइनच्या बाटल्या टांगून उपचार करावे लागले. प्रसाद असो वा निधीचा स्टॉल, एकाच पातेल्यातून शेकडो ताटे भरली जातात, ही गोष्ट दोहोंत समान आहे.

अन्न उकळले म्हणजे ते निर्जंतुक झाले, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा होय. तांदळात, डाळीत, मसाल्यांत व मांसात असणारे काही जंतू बीजाणूरूपाने राहतात आणि हे बीजाणू उकळत्या पाण्यातही तग धरतात. अन्न कोमट झाले की ते जागे होतात. साधारणतः ५ ते ६० अंश सेल्सिअस ही त्यांच्या वाढीची कक्षा. अनुकूल स्थितीत दर २० मिनिटांनी दुप्पट होणारा एक जंतू सहा तासांत अडीच लाखांहून अधिक होतो. घरातील लहान भांडे लवकर निवते. पण १० किलो तांदळाचा भात मोठ्या टोपात झाकून ठेवला, तर त्याचा गाभा कित्येक तास कोमटच राहतो. भात जितका अधिक तितका धोका अधिक, तो याच कारणाने. शिवाय असे अन्न आंबलेले असेलच असे नाही. त्याला वास येत नाही, तार सुटत नाही. शालेय पोषण आहार वाढण्यापूर्वी चव घेण्याची पद्धत शिक्षकांना परिचित आहे. ती योग्यच आहे, परंतु हा दोष जिभेला कळत नाही.

म्हणून नियोजन उलट दिशेने करावे. विक्री सायंकाळी पाचला सुरू व्हावयाची असेल, तर भात साडेचारला उतरेल अशा बेताने चूल पेटवावी. एकच प्रचंड टोप चढविण्याऐवजी मध्यम पातेल्यांत दोन-तीन घाणे काढावेत. पहिला संपत येताच दुसरा तयार असावा. रस्सा, आमटी मंद आचेवरच ठेवावी; वाढताना वाफ निघाली पाहिजे. ताज्या पातेल्यात आधीचे उरलेले ओतण्याची सवय मात्र कटाक्षाने टाळावी.

पदार्थाची निवड हा अर्धा बंदोबस्त होय. कढईतून थेट द्रोणात जाणारी भजी सर्वांत निर्धोक. वड्याचे तसे नाही. एक किलो बटाट्याचे सुमारे २० ते २५ वडे होतात. तेव्हा पाचशे वड्यांसाठी २० ते २५ किलो बटाटे आदल्या रात्री उकडून, सारण कालवून ठेवण्याचा मोह होतो. तो आवरावा. सारण त्याच दिवशी करून परातीत पातळ पसरून निववावे. ओल्या खोबऱ्याची चटणी थोडी थोडी वाटावी. त्यापेक्षा लसणाची कोरडी चटणी बरी. उपवासाच्या दिवशी भगर करावयाची असल्यास ती सुटी न घेता बंद पाकिटातील घ्यावी व निवडून, धुऊन वापरावी. ओल लागलेल्या भगरीवर बुरशी धरते.

पितळी भांड्यांविषयी एक शब्द. सार्वजनिक भांडी वर्षानुवर्षे कल्हईवाचून वापरली जातात. अशा भांड्यात ताक, कढी वा चिंचेचे सार कळकते, हे जुन्या बायकांना ठाऊक असते. स्वयंसेवक मुलांना नसते. मठ्ठा स्टीलच्या भांड्यातच करावा.

पाण्याची जबाबदारी ग्रामपंचायतीने जलसुरक्षकावर सोपवावी. टी.सी.एल. टाकल्यानंतर अर्धा तास थांबून ओ.टी. चाचणी घ्यावी व मगच ते पिण्यास, सरबतास वापरावे. सरबतातील बर्फ हा बहुधा मासळी वा औषधे थंड ठेवण्यासाठी केलेला असतो, तो पेल्यात घालू नये.

हातावर जखम वा गळू असलेल्या व्यक्तीस वाढण्यास बसवू नये. अशा जखमेतील जंतूंनी अन्नात सोडलेले विष पुन्हा उकळल्यानेही नष्ट होत नाही. पैसे घेणारा आणि वाढणारा हात वेगळा असावा. गल्ला वरच्या वर्गातील विद्यार्थ्याकडे सहज देता येतो.

अन्नसुरक्षा व मानके अधिनियम, २००६ खालील नियमांनुसार तात्पुरता स्टॉल लावणाऱ्यांनाही नोंदणी लागू होते. त्यासाठी अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयाशी आधीच संपर्क साधावा. प्रत्येक पदार्थाचा थोडा नमुना स्वच्छ झाकणाच्या डब्यात, तारीख-वेळ लिहून शीतकपाटात ठेवावा. काही विषबाधा तासाभरात उलटीने प्रकट होतात, तर काहींची लक्षणे दुसऱ्या दिवशी, माणसे पांगल्यावर दिसतात. त्यामुळे प्राथमिक आरोग्य केंद्रास कार्यक्रमाची पूर्वसूचना असावी. एकाच वेळी दोन घरांतून उलट्या-जुलाबाची तक्रार आली की उरलेली विक्री तत्काळ थांबवावी, रुग्णांना जलसंजीवनी देण्यास आरंभ करावा आणि १०८ क्रमांकावर कळवावे. नमुन्याचा डबा वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या स्वाधीन करावा.