शिकागोत मुलांना घेऊन येताना

शिकागो मिशिगन सरोवराच्या काठी वसलं आहे. १८७१च्या आगीत शहराचा मोठा भाग जळाला, त्यातून ते नव्याने उभं राहिलं. स्वामी विवेकानंदांचं १८९३चं भाषण इथलंच आणि १९८१ मध्ये बृहन्महाराष्ट्र मंडळाची स्थापनाही इथेच झाली, याचा आम्हा इथल्या मराठी मंडळींना फार अभिमान आहे. बाकी इतिहास इथल्या नदीतल्या बोटीच्या सफरीत ऐकायला मिळेलच. मला मुलांच्या संचारबंदीबद्दल लिहायचं आहे, कारण आम्ही इथे आलो तेव्हा त्याबद्दल आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं.

शहराच्या हद्दीत सतरा वर्षांपर्यंतच्या मुलामुलींना रात्री १० ते सकाळी ६ या वेळात मोठ्या माणसाशिवाय रस्त्यावर किंवा बागेत थांबता येत नाही. पूर्वी शुक्रवार-शनिवारी ११ पर्यंत मुभा होती, ती २०२२ मध्ये गेली. बारा वर्षांखालच्यांची वेळ तर याहून आधीची. चार मित्र बरोबर असले तरी कायद्याच्या लेखी मुलं एकटीच!

मिलेनियम पार्कचा नियम आणखी कडक आहे. मुंबईत जन्मलेल्या अनिश कपूर यांचं 'क्लाउड गेट' हे शिल्प, म्हणजे सगळ्यांचं लाडकं 'बीन', तिथेच आहे आणि मुलांना ते बघायचंच असतं. गुरुवार ते रविवार संध्याकाळी ६ नंतर अठराच्या आतल्या मुलांना तिथे एकट्याने प्रवेश नाही. बरोबर किमान २१ वर्षांची व्यक्ती हवी. चुलतभाऊ एकोणीस वर्षांचा असेल तर तो चालत नाही. आजी-आजोबा चालतात, फक्त त्यांच्याजवळ फोटो असलेलं ओळखपत्र असू द्या. शहराच्या बागा साधारणपणे रात्री ११ ला मोठ्यांसाठीही बंद होतात.

सवलती आहेत, पण त्या नीट समजून घ्या. मूल नोकरीवरून घरी येत असेल किंवा आईवडिलांनी सांगितलेल्या कामाला गेलं असेल तर चालतं, पण वाटेत कुठेही न थांबता. आइस्क्रीमच्या दुकानाशी रेंगाळलं की सवलत संपली. पोलिसांनी आधी वय आणि बाहेर असण्याचं कारण विचारायचं असतं. मुलांना सांगून ठेवा : पळायचं नाही, खिशात हात घालायचे नाहीत, शांतपणे उत्तर द्यायचं. आमची लेक पंधरा वर्षांची असताना गणपतीची आरास आटोपून मैत्रिणींबरोबर चालत घरी येत होती, तेव्हा तिला अडवलं होतं. आम्ही पोहोचेपर्यंत ती थरथरत होती. ती रात्र कुणाच्याही वाट्याला येऊ नये.

उपनगरांत वेळा वेगळ्या असतात, म्हणून आपापल्या गावाचा नियम बघून ठेवा. मूल गाडी चालवत असेल तर आणखी एक गोष्ट : इलिनॉयमध्ये अठराच्या आतल्यांचा परवाना रविवार ते गुरुवार रात्री १० नंतर आणि शुक्रवार-शनिवारी ११ नंतर सकाळी ६ पर्यंत चालत नाही.

हे सगळं मला जाचक वाटतं, हे खरंच आहे. पुण्यात आम्ही पोरंपोरं मध्यरात्रीपर्यंत पेठांतून देखावे बघत हिंडायचो आणि कुणी हटकायचं नाही. इथे कुक काउंटीची वनोद्यानं सूर्यास्ताला बंद होतात, त्यामुळे कोजागरीचं दूधसुद्धा कुणाच्या तरी अंगणात, कोट घालून प्यावं लागतं. तरी आमच्या मंडळींनी कोजागरी सोडलेली नाही! संचारबंदीवर इथेही वाद चालूच असतो. ऐनवेळी संचारबंदी लावण्याचा अधिकार पोलिसांना देणारा ठराव २०२५ मध्ये नगर परिषदेत मंजूर झाला आणि महापौर ब्रँडन जॉन्सन यांनी तो फेटाळला. तेव्हा निघण्यापूर्वी ताजे नियम एकदा पाहून घ्या.

आणि शेवटचं : आपली मराठी नाटकं दहाच्या आत संपत नाहीत. प्रयोग सुटल्यावर मुलांना 'पुढे जा, आम्ही येतोच' म्हणून हॉटेलकडे पाठवू नका. दारापाशीच थांबवा आणि बरोबर घेऊन निघा.