सोबत बोला



आजचा पाठ : ऋग्वेद, मंडल १०, सूक्त १९१.

ऋग्वेदाच्या १०२८ सूक्तांतलं हे शेवटचं. फक्त चार ऋचा. पहिली अग्नीला उद्देशून, उरलेल्या तीन माणसांची मनं जुळावीत म्हणून. सांगणं साधं आहे : सोबत चाला, सोबत बोला, एकमेकांची मनं जाणा, संकल्प एक असू द्या.

'सोबत चाला' हे आम्हा अकोलेकरांना समजवावं लागत नाही. श्रावणाच्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून, सुमारे १८ किलोमीटरवरून, पूर्णेचं पाणी कावडीने आणून जुन्या शहरातल्या राजराजेश्वराला घालतात. मोठी कावड एकट्याच्या खांद्यावर येत नाही. 'सोबत बोला' मात्र मला यंदा २६ जानेवारीला कळलं.

माझी मुलगी चौथीत आहे. बोलताना ती अडखळते. कधी कधी स्वतःचं नाव सांगायलाही वेळ लागतो, आणि समोरचा माणूस तेवढा थांबत नाही. शाळेच्या समूहगीतात तिला घेतलं, तेव्हा घरात सगळ्यांच्याच पोटात गोळा आला. साने गुरुजींचं देशगीत होतं. चाळीसेक मुलं, एक पेटी, एक तबला. मी फक्त तिच्या ओठांकडे पाहत होतो. ती एकदाही अडखळली नाही! शेजारी बसलेली आई म्हणाली, "पाय रे, पोट्टी कशी मोकळी गाऊन राह्यली!" मी तिचा आवाज वेगळा ऐकायला कान लावला, पण तो सापडेना. चाळीस आवाजांत तो पार मिसळून गेला होता, आणि त्याचाच मला फार आनंद झाला.

अडखळणाऱ्या पुष्कळ जणांचं बोलणं गाताना किंवा इतरांसोबत म्हणताना मोकळं होतं, हे जाणकारांना ठाऊक आहे. त्याने अडखळणं कायमचं जात नाही. दुसऱ्या दिवशी किराणा दुकानात ती पुन्हा अडखळलीच. म्हणून याला चमत्कार म्हणत नाही.

पण सूक्ताचा अर्थ उघडला. 'सोबत बोला' म्हणजे सगळ्यांनी सारखं व्हा, असं नाही. तिथेच देवांचा दाखला आहे : ते एकमताने बसले आणि प्रत्येकाने आपापला भाग घेतला. समूहगीतात एक मूल श्वासाला थांबलं तरी ओळ तुटत नाही, बाकीचे ती धरून ठेवतात. आमच्याकडे एक सर्व्हर थांबला की दुसरे भार उचलतात, तसंच.

आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यातल्या यावलीचे राष्ट्रसंत तुकडोजी महाराज हेच करत होते. खंजिरीवरच्या भजनांनी लोकांना जागं केलं, १९४२ मध्ये तुरुंगात गेले, आणि सामुदायिक प्रार्थनेत जात-धर्म न विचारता सगळ्यांना एकत्र बसवलं. देशप्रेम म्हणजे शेवटी हेच नं, शेजारच्याचा सूर तुटू न देणं?

गाण्यात सोबत राहणं सोपं आहे, बरं का. गाणं संपल्यावर काय, हा खरा प्रश्न.

आजचा संकल्प : कुणी बोलताना अडला, तर त्याचं वाक्य आपण पुरं करायचं नाही. त्याच्याकडे पाहत शांत थांबायचं. ते वाक्य त्याचा भाग आहे.

राम कृष्ण हरी.