आपले घर, आपली देखरेख



उसाच्या बिलातून किंवा घरकुलाच्या अनुदानातून आपण आयुष्यात एकदाच घर बांधतो. काम संपूर्ण ठेक्याने देऊन मोकळे होण्याकडे अनेकांचा कल असतो. परंतु सणसर, भवानीनगर, बेलवाडी या नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यात काळी जमीन व विहिरींचे खारे पाणी यांमुळे अशा घरांना लवकरच तडे जातात व जोत्याला खार फुटतो. घर स्वतःच्या देखरेखीखाली बांधल्यास पैशाची बचत होतेच, शिवाय मजबुतीही मिळते.

काय फायदा होतो?

1) पाया खोदणे, मुरूम वाहणे, धुम्मस करणे, पाणी मारणे ही कामे घरच्या माणसांना व ट्रॅक्टरला जमतात. ती मजुरी वाचते.
2) सिमेंट, वाळू, सळई स्वतः आणल्याने मालाची खात्री राहते.
3) जमिनीखाली गाडले जाणारे काम डोळ्यांसमोर होते.

गवंडीकाम, सळई बांधणे व सेंट्रिंग मात्र जाणकाराकडेच द्यावे. मजुरी कामाच्या टप्प्याप्रमाणे द्यावी व रोज वहीत नोंद ठेवावी.

2016 साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजना-ग्रामीणमध्येही घर लाभार्थ्यानेच बांधावयाचे असते. ठेकेदारास मुभा नाही. किमान क्षेत्र 25 चौरस मीटर असून कामाच्या प्रगतीनुसार हप्ते खात्यावर जमा होतात.

पाया

काळी जमीन पावसात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर उभी भिंत वरखाली होऊन तडकते. म्हणून काळी माती पूर्ण काढून घट्ट मुरमापर्यंत जावे. मुरूम फार खोल असल्यास अभियंत्याचा सल्ला घ्यावा. जोत्यात काळ्या मातीची भर कधीही टाकू नये. मुरमाचे 15 सेंटिमीटरचे थर देऊन, पाणी शिंपडून प्रत्येक थर ठोकावा. जोत्यावर सर्व भिंतींखालून सलग सळईचा काँक्रीट पट्टा व त्यावर ओल रोखणारा थर द्यावा. घराभोवती बाहेर उताराची एक मीटर फरशी करावी. न्हाणीचे पाणी भिंतीलगत मुरू न देता पाटाने परसबागेत न्यावे.

पाणी

पिकाला न मानवणारे विहिरीचे खारे पाणी सर्रास बांधकामाला वापरले जाते. ही मोठी चूक आहे. क्षारांमुळे आतील सळई गंजते, फुगते व स्लॅबचे पापुद्रे सुटतात. बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रात पाणी तपासून घ्यावे. सळईच्या काँक्रीटसाठी क्लोराइड लिटरला 500 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे. अहवालात हा आकडा मिलिइक्विव्हॅलंटमध्ये असल्यास तो 14 च्या आत असावा. पाणी खारे निघाल्यास कालव्याच्या आवर्तनाचे पाणी टाकीत साठवून ठेवावे व तेच भिजवणीलाही वापरावे.

बांधकाम व भिजवण

• सिमेंट फळ्यांवर, भिंतीपासून दूर रचावे व तीन महिन्यांच्या आत वापरावे.
• विटा बांधकामापूर्वी पाण्यात भिजवाव्यात. एका दिवसात दीड मीटरपेक्षा जास्त उंची चढवू नये. ओळंबा व गुण्या रोज लावून पाहावा.
• स्लॅबसाठी 1 भाग सिमेंट, दीड भाग वाळू, 3 भाग खडी घ्यावी. पाणी ओल्या वाळूतील धरून पोत्यामागे 30 लिटरपेक्षा जास्त नको. काँक्रीट पातळ केल्यास पसरणे सोपे जाते, पण ताकद घटते.
• सध्याच्या मिश्र सिमेंटच्या स्लॅबवर उन्हाळ्यात 14 दिवस पाणी साचवून ठेवावे. तोपर्यंत टेकू काढू नयेत. भिंती किमान 7 दिवस भिजवाव्यात. ठेक्याच्या कामात नेमके हेच राहून जाते. घरची बाई-मुले ते सहज करू शकतात.

किल्लारीचा धडा

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत भूकंप झाला. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती व जड माळवदे कोसळून हजारो माणसे झोपेतच गाडली गेली. त्यानंतर कमी नुकसान झालेल्या गावांत अनेक कुटुंबांनी टप्प्याटप्प्याने मिळालेल्या साहाय्यातून, अभियंत्यांच्या मार्गदर्शनाखाली, आपली घरे स्वतः दुरुस्त व मजबूत केली. जोत्यावर, दार-खिडक्यांवर व छताखाली सलग पट्टा दिल्यास भिंती एकत्र बांधल्या जातात, हे तेथे सामान्य शेतकऱ्यालाही समजले. आपणही हा खर्च टाळू नये.

कामाचे वेळापत्रक

गावठाणात ग्रामपंचायतीची परवानगी घ्यावी. शेतात बांधायचे असल्यास तहसील कार्यालयात आधी नियम समजून घ्यावेत. दिवाळीनंतर पाया घ्यावा. ऊसतोडीच्या दिवसांत मजूर व वाहन मिळणे अवघड होते, म्हणून मुरूम, विटा, खडी अगोदरच आणून टाकावी. आषाढीला तुकोबांची पालखी सणसर मुक्कामी येण्यापूर्वी छत पूर्ण होईल, असा बेत आखावा.

थोडक्यात, घट्ट पाया, गोडे पाणी, सलग पट्टे व पुरेशी भिजवण या चार गोष्टींवर मालकाने स्वतः लक्ष ठेवावे. रंग व फरशी पुढील हंगामात करता येते; पाया मात्र पुन्हा घालता येत नाही.